साधी गाठ

‘गाठ साधी आहे’ हे तीन शब्द मी माझ्या तेहतीस वर्षांच्या चाकरीत किती जणांपुढे उच्चारले असतील, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. महानगरपालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागाच्या जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट एवढ्या सरंजामावर मी १९८२ साली वैद्यकीय समाजसेविका म्हणून रुजू झाले आणि २०१५ साली त्याच खोलीतून निवृत्त झाले. डॉक्टरांनी घाईघाईने, अर्ध्या इंग्रजीत जे सांगितले ते रुग्णाच्या आप्तांना उमजेल अशा शब्दांत पुन्हा सांगणे, खर्चाची तजवीज करणे, रक्तदात्यांची जमवाजमव करणे आणि मुदतीत फेरतपासणीला न आलेल्यांचा माग काढणे, ही माझी कामे. यांतले पहिले काम सर्वांत सोपे असे मी पुष्कळ वर्षे समजत होते.

मराठी माणूस रुग्णालयात कॅन्सर हा शब्द सहसा तोंडातून काढीत नाही. केसपेपराची घडी हातात चुरगाळीत बाहेर आलेला बाप समोर बसतो, इकडेतिकडे पाहतो आणि आवाज उतरवून विचारतो, ‘बाई, तसलं काही नाही ना?’ त्या ‘तसलं’मध्ये सगळे आले. अशा वेळी ‘नाही हो, गाठ साधी आहे’ असे म्हणताच त्या माणसाचे खांदे जे सैल पडत, ते पाहण्याचे सुख निराळेच होते, आणि खोटे कशाला बोलू, त्या सुखाची मला चटक लागली होती.

परंतु वैद्यकाच्या ग्रंथांत जिला सौम्य अर्बुद म्हणतात, ती गाठ कोठे बसली आहे यावर तिचा साधेपणा अवलंबून असतो. दंडावर चरबीची गाठ वागवीत माणसे सत्तर-सत्तर वर्षे सुखाने नांदतात. तीच सौम्य वृत्तीची गाठ कवटीच्या तळाशी, नाकाच्या अगदी मागच्या टोकाला, जेथून डोळ्याची नस, मेंदूला रक्त पुरविणारी धमनी आणि गालाच्या संवेदनेचे तंतू बोटभर अंतरावरून जातात तेथे उद्भवली, म्हणजे तिच्या सौम्यपणाचा रुग्णाला फारसा उपयोग राहत नाही. मी जिच्याविषयी लिहिते आहे ती अशीच. तिचे संपूर्ण नाव ‘ज्युव्हेनाइल नेझोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमा’. वॉर्डात सगळे तिला ‘जेएनए’ म्हणत. डोक्या-मानेच्या सर्व गाठींत हिचे प्रमाण फार झाले तर हजारात पाच. आणि ती होते ती जवळजवळ केवळ मुलग्यांना, तेही मिसरूड फुटण्याच्या वयात. यौवनाच्या संप्रेरकांशी तिचे काही नाते असावे असे तज्ज्ञ मानतात. ती इतर साध्या गाठींप्रमाणे दूरच्या अवयवांत पसरत नाही, पण आजूबाजूचे हाड रेटीत, झिजवीत, मिळेल त्या छिद्रातून वाट काढते, आणि रक्तवाहिन्यांचे असे जाळे स्वतःत बाळगते की तिला नुसते खरवडले तरी रक्ताची धार लागते. म्हणूनच गाठ म्हटली की तिचा तुकडा काढून तपासायचा, हा सर्वत्र मान्य असलेला शिरस्ता येथे मोडावा लागतो.

अशा गाठीचा पहिला मुलगा मी १९८४ साली पाहिला. तो कोकणातला, वय सोळा. त्या काळी आमच्या विभागात अशी शस्त्रक्रिया म्हणजे एका माणसाची लढाई असे. ज्येष्ठ शल्यविशारद नाकाच्या कडेने गालावर छेद घेत, हाड बाजूला सारीत आणि रक्ताच्या त्या विहिरीत जवळजवळ चाचपडत, केवळ हाताच्या वेगावर भिस्त ठेवून, गाठ उपटून काढीत; मागे उभ्या असलेल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांचे काम एकच, बाटलीमागून बाटली चढवीत राहणे. रक्त तेव्हा काचेच्या बाटल्यांतून येई, आणि सकाळी आरेचे दूध ज्या खळखळाटासह केंद्रावर उतरे तोच खळखळाट रक्तपेढीच्या पेटाऱ्यातून ऐकू येई. त्या मुलाला आठ बाटल्या लागल्या. पैकी पाच विकतच्या होत्या. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर रक्त विकणारी माणसे बसलेली असत, सुकलेली, गालफडे बसलेली, आणि आम्ही सारे त्यांच्याकडे न पाहिल्यासारखे करून त्यांच्यावरच विसंबून असू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून हा व्यवहार बंद झाला, आणि त्यानंतर नातेवाईकांना ‘चार माणसं घेऊन या’ असे सांगण्याचा अप्रिय कार्यभाग माझ्याकडे आला. तो कोकणातला मुलगा वाचला. गालावरचा व्रण मात्र जन्माचा राहिला, आणि सहा वर्षांनी लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी त्या व्रणाची चौकशी केली म्हणून ‘तसलं काही नव्हतं’ असा दाखला मागायला त्याचे वडील माझ्याकडे आले होते.

एका माणसाच्या लढाईचे रूपांतर पुढे अनेकांच्या कामात झाले, ते कोणाच्या औदार्यामुळे झाले असे मला वाटत नाही. कवटीचा तळ हा दोन शेतांमधला बांध होता. खालचे शिवार कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे आणि वरचे मेंदूच्या शल्यविशारदांचे. वरचे खातेदार आपल्याकडे तसे उशिराच आले, वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली देशातला पहिला विभाग उभारला आणि मुंबईत त्या शास्त्राचा जम बसला तो पुढच्या दशकात. बांधावर उगवलेले झाड कोणाचे, यावरून आपल्या गावांत पिढ्यानुपिढ्या फिर्यादी चालतात. येथे उलट प्रकार होता, ते झाड कोणालाच आपल्या हद्दीत नको होते. पुढे सीटी स्कॅनने त्या बांधाची मोजणी इंचाइंचाने करून दिली, दुर्बिणी नाकपुडीतून आत शिरू लागल्या, मांडीच्या धमनीतून नळी सरकवून गाठीचे रक्त आधीच तोडण्याची विद्या क्ष-किरण विभागात आली, आणि मग कोणालाच एकट्याने नांगर धरणे शक्य राहिले नाही. दर शनिवारी दुपारी दोन वाजता सर्व संबंधितांनी एका खोलीत बसावे, असे आमच्या कान-नाक-घसा विभागाच्या प्रमुखांनी ठरवले. सारे त्यांना नुसते ‘सर’ म्हणत. त्यांनी पहिल्याच बैठकीला मलाही हजर राहण्याचा निरोप धाडला, तेव्हा माझे तेथे काय काम, असा प्रश्न मलाच पडला होता.

आरे कॉलनीतला मुलगा आमच्याकडे आला तो २००५ च्या जून महिन्यात. आरे म्हटले की मुंबईकराला छोटा काश्मीर, सहल आणि दूध आठवते. दारा खुरोडी यांच्या कल्पनेतून शहरातले तबेले उठवून १९४९ साली ही वसाहत वसू लागली. १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले आणि १६,००० जनावरे असा तिचा पसारा. या हिशेबात जे सहसा धरले जात नाहीत ते पाडे मात्र दूध येण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा लोकांची ती वस्ती. मुलगा अशाच एका पाड्यावरचा, वारली, वय चौदा. बाप एका तबेल्यासाठी पॅरा गवत कापी आणि आई पावसाळ्यात रानभाज्या घेऊन गोरेगाव स्टेशनाबाहेर बसे. पहिल्या भेटीत तिने माझ्या टेबलावर शेवळांची जुडी ठेवली आणि त्याबरोबर मूठभर काकडे, कारण काकडांवाचून शेवळे घशाला खाजतात हे शहरातल्या बाईला ठाऊक नसेल, अशी तिला शंका. ती मला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणे. तिच्या बोलण्यात मोठेपणाचे बहुवचन नव्हते, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

मुलाचा घोळणा दोन वर्षे फुटत होता. उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटायचाच, म्हणून आजीने कांदा फोडून हुंगवला होता, टाळूवर पाणी थापले होते, आणि वाघोबापुढे नारळही ठेवला होता. यातले काहीच मला हसण्यासारखे वाटत नाही. शंभरांतल्या नव्व्याण्णव घोळण्यांना कांदा आणि थंड पाणी पुरते. हा शंभरावा होता. उजवी नाकपुडी हळूहळू पूर्ण बंद झाली, आवाज गेंगाणा झाला, रात्रीचे घोरणे शेजारच्या झोपडीपर्यंत ऐकू जाऊ लागले. घशातून कानाकडे जाणारी वाट गाठीने दाबल्यामुळे उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येई, आणि शाळेत मागच्या बाकावर बसणारा तो पोरगा हाकेला ओ देत नाही म्हणून ‘बेपर्वा’ असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर पडला होता. शेवटी एका दवाखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, ‘नाकात मांस वाढलंय’ असे निदान झाले आणि तेथल्या तेथे चिमट्याने त्याचा तुकडा काढण्याचा प्रयत्न झाला. मुलाला आमच्याकडे आणले तेव्हा त्याचा सदरा छातीपासून खाली वाळलेल्या रक्ताने पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता.

पुढच्या शनिवारी काचेच्या उजळलेल्या फलकावर त्याची छायाचित्रे लागली. गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढच्या बाजूला कमानीसारखी वाकलेली होती. १९६५ साली होल्मन आणि मिलर या दोघांनी हे चिन्ह नोंदवून ठेवले, तेव्हापासून ती कमान दिसली की तुकडा न काढताही निदान करता येते. गाठ नाकातून बाजूला जबड्याच्या सांध्यामागे आणि वर डोळ्याच्या खोबणीच्या टोकापर्यंत गेली होती. मेंदूचे आवरण तिने ओलांडले नव्हते, पण त्याला जाऊन टेकली होती. त्या खोलीत नऊ माणसे होती. लग्नघरात दहा कर्ती माणसे असली म्हणजे वरणात मीठ कोणीतरी घातले असेलच अशी प्रत्येकाची खात्री असते, तसे येथेही होई. छेद कोठून घ्यायचा, रक्त आधी कोणी तोडायचे, दृष्टीची तपासणी झाली की नाही, असा ऊहापोह तासभर चालला. आणि मी वॉर्डात परत गेले तेव्हा त्या मुलाने मला विचारले, ‘माझं नाक कापणार काय?’ पाड्यावरच्या कोणीतरी थट्टेत त्याला तसे सांगितले होते आणि पोर चार रात्री झोपले नव्हते. नऊ जणांपैकी एकानेही, त्यात मी धरून, त्याला स्वतःला काही सांगितले नव्हते. मी सरांना बोलावून आणले. सर खाटेवर बसले, स्वतःचा वरचा ओठ बोटाने उलटा करून त्यांनी हिरड्यांची वरची खाच दाखवली आणि म्हणाले, ‘इथून आत जायचं. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही.’ मुलाने लगेच आपला ओठ उलटा करून जिभेने ती जागा चाचपून पाहिली.

या उपचाराची सारी मदार एका घड्याळावर असते, आणि ते घड्याळ क्ष-किरण विभागात सुरू होते. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मानेपर्यंत न्यायची, जबड्याच्या मागून गाठीला रक्त पोचविणारी जी शाखा आहे तिच्यात शिरायचे आणि वाळूसारखे सूक्ष्म कृत्रिम कण सोडून तिचे मुख बुजवायचे. त्यांतला एखादा कण वाट चुकून डोळ्याच्या धमनीत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून हे काम अतिशय धिमेपणाने चालते. मुख बुजले की गाठ फिकी पडते. पण अशी गाठ उपाशी राहत नाही, दुसऱ्या बाजूने ती नव्या वाटा उघडू लागते, म्हणून एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया उरकली पाहिजे. याचा व्यवहारातला अर्थ असा की, मंगळवारी कण सोडायचे असतील तर त्याच्या आत कण आणि नळीचे पैसे भरलेले हवेत, बुधवारी शस्त्रक्रियागृह मोकळे हवे, अतिदक्षता विभागात खाट हवी, रक्ताच्या सहा पिशव्या राखून ठेवलेल्या हव्यात, आणि पाच विभागांचे पाच डॉक्टर एकाच सकाळी रजेवर नसावेत. त्या वर्षी खर्च चाळीस हजारांच्या घरात गेला. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांवर मोठ्या शस्त्रक्रिया मोफत होण्याची राज्य सरकारची योजना मुंबईत आली ती २०१२ च्या जुलैत. २००५ साली तिचे नावही कोणी ऐकले नव्हते. मी दोन धर्मादाय विश्वस्त निधींकडे अर्ज केले, उरलेले रुग्णालयाच्या पुअर बॉक्समधून काढले, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका कचेरीत तीन खेटे घातले, कारण घराला क्रमांक नाही म्हणून रहिवास सिद्ध होत नाही, असे तेथल्या कारकुनाचे म्हणणे होते. रक्तासाठी पाड्यावरून आणि तबेल्यावरून मिळून सात माणसे सोमवारीच आली, वारली चौघे आणि उत्तरेकडचे तिघे गवळी. मंगळवारी या म्हटले असते तर काय झाले असते, हा विचार आजही मनात आला की अंगावर काटा येतो.

तो मंगळवार म्हणजे २६ जुलै २००५. सकाळी अकरापर्यंत मुलाच्या धमनीचे मुख बुजवून झाले होते. दुपारी पाऊस वाढला, पण आमचे रुग्णालय शहराच्या दक्षिण अंगाला. तेथे जुलैत पाऊस पडायचाच अशा समजुतीत आम्ही होतो. त्या चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझला ९४४, हे आम्हांला नंतर समजले. गाड्या थांबल्या, टेलिफोन मुके झाले. मेंदूचे शल्यविशारद दुपारी उपनगरात एका रुग्णाला पाहायला गेले होते, ते कोठे आहेत याचा रात्रभर पत्ता नव्हता. मुलाची आई खाटेशी बसून होती; बाप आणि दोन लहान मुले आरेत, ओहोळाकाठच्या झोपडीत. तिने त्यांची चौकशी माझ्याकडे एकदाच केली आणि मला काही सांगता येत नाही असे दिसल्यावर पुन्हा केली नाही.

बुधवारी सकाळी सरांनी जमली तेवढी माणसे गोळा केली. भूल देणाऱ्या मॅडम रात्री डॉक्टरांच्या खोलीतल्या बाकावर झोपल्या होत्या; क्ष-किरणवाले डॉक्टर घरी जाऊच शकले नव्हते; शस्त्रक्रियागृहाच्या सिस्टरांनी निर्जंतुक कापडांचे दोन ड्रम मंगळवारीच कुलपात ठेवले होते, कारण धुलाईचा ट्रक येणार नाही हे त्यांनी आभाळ पाहून ओळखले होते. मेंदूच्या डॉक्टरांवाचून सुरू करावे की थांबावे? क्ष-किरणवाले म्हणाले, गुरुवारी दुपारनंतर माझ्या कामाचा भरवसा देत नाही. सरांनी थांबायचे ठरवले. हा निर्णय त्यांनी कसा घेतला हे मला ठाऊक नाही, पण त्यानंतर ते दिवसभरात चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आले, हे मी पाहिले. संध्याकाळी साडेसहाला मेंदूचे डॉक्टर आले, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर कोणाचातरी चट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि पायात वहाणा नाहीत. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो चहा मिळेल का, हा.

गुरुवारी आठ वाजता मुलाला आत घेतले, कण सोडल्याला पंचेचाळीस तास झाले होते. शस्त्रक्रियागृहात मला प्रवेश नसे. मी बाहेरच्या बाकावर त्याच्या आईजवळ रक्ताच्या चिठ्ठ्या घेऊन बसे, आणि आतले युद्ध कसे चालले आहे हे मला रक्ताने भिजलेल्या कापसाच्या घड्यांवरून कळे. सिस्टरांची पद्धत अशी की वापरलेली प्रत्येक घडी तराजूवर टाकायची, कोरड्या घडीचे वजन वजा करायचे, आणि किती रक्त गेले तो आकडा भिंतीवरच्या फळ्यावर खडूने मांडायचा. दार उघडझाप होताना त्या फळ्याची कड मला दिसे. १९८४ साली या फळ्यावर बेरीज करायला कोणाला सवड नव्हती. दुपारी एकपर्यंत आकडा नऊशेच्या पुढे गेला नव्हता. मग बराच वेळ काहीच हालचाल दिसेना, आणि आतून दोन माणसांचे चढलेले आवाज ऐकू आले.

तो वाद काय होता हे सरांनीच मला नंतर सांगितले. गाठ जवळजवळ सगळी निघाली होती. करंगळीच्या नखाएवढा एक तुकडा धमनीला आणि डोळा हलविणाऱ्या नसांना बिलगून राहिला होता. सरांना तो हवा होता. तीन दशकांच्या सवयीचा हात अर्धवट काम सोडायला राजी नव्हता, आणि राहिलेली मुळी पुन्हा फुटते हेही त्यांनी पुष्कळदा पाहिले होते. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर असता तर मी स्वतः डोळ्याची पर्वा न करता काढला असता. गाठ साधी आहे, राहू दे, लक्ष ठेवू. सरांनी हत्यार खाली ठेवले. जो शब्द मी धीर देण्यासाठी वापरीत होते, तोच त्या खोलीत एका कसलेल्या माणसाचा हात थांबविण्यासाठी वापरला गेला, आणि मुलाची नजर शाबूत राहिली. रक्ताच्या सहा पिशव्यांपैकी तीन लागल्या. आईला मी काय सांगितले असेल ते सांगायला नकोच.

दहाव्या दिवशी मुलगा घरी गेला. सहा आठवड्यांनी एकदा येऊन गेला. सहा महिन्यांनी स्कॅनसाठी यायचे होते; तारीख गेली, दुसरी तारीख गेली, पोस्टकार्ड परत आले. २००६ च्या फेब्रुवारीत एका शनिवारी मी गोरेगावला उतरून बसने आरेत गेले, उतरल्यावर दोन ठिकाणी विचारीत, ओहोळ ओलांडून, अर्धा तास चालत पाड्यावर पोचले. बाप झोपडीसह सुखरूप होता. त्या जुलैत पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन फिरले होते. मुलगा कंबरभर गवतात विळा चालवीत होता. शाळा सुटली होती. मी ओरडले, तुझी तारीख होती, विसरलास? तो हसला आणि आईकडे पाहू लागला. आई म्हणाली, ‘बाई, एक दिवस आलो की त्याचा रोज बुडतो. आन् तूच बोलली ना, गाठ साधी हाय?’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून मला उत्तर सुचेना. राहिलेल्या तुकड्याची गोष्ट निर्गमपत्रावर इंग्रजीत एका ओळीत लिहिलेली होती, आणि ती ओळ मराठीत सांगण्याचे काम माझे होते. मी ते केले नव्हते असे नाही. ‘थोडंसं राहिलंय, तपासायला यायचं’ असे मी म्हणाले होते, पण आधी ‘साधी’ हा शब्द उच्चारून. त्यानंतर माणूस पुढचे काही ऐकत नाही, हे तेवीस-चोवीस वर्षे टेबलापलीकडे बसून मला कळायला हवे होते. त्या दिवशी मी ओटीवर बसले, चुलीतला कोळसा घेऊन शेणाने सारवलेल्या जमिनीवर नाक, डोळा आणि मधला तुकडा यांचे ओबडधोबड चित्र काढले आणि पहिल्यापासून सगळे पुन्हा सांगितले. तो शब्द टाळून सांगायला पाऊण तास लागला.

पुढच्या आठवड्यात स्कॅन झाला. तुकडा होता तेवढाच होता. शनिवारच्या बैठकीत पाहत राहण्याचे ठरले; किरणोपचाराचा विषय निघाला, पण इतक्या कोवळ्या वयात त्याने पुढे दुसरीच गाठ उद्भवण्याची भीती असते म्हणून मागे पडला. मात्र पुढच्या तारखांचे काय, हा प्रश्न मी तेथे मांडला आणि प्रथमच ती बैठक माझ्या विषयावर अर्धा तास चालली. निवासी डॉक्टर नाक तपासताना धातूची थंड पट्टी नाकपुड्यांखाली धरतात. दोन्ही बाजू मोकळ्या असल्या तर श्वासाच्या वाफेचे दोन डाग उमटतात, एक बंद असली तर एकच. मी विचारले, हे घरी करता येईल का? मेंदूचे डॉक्टर हसले. सर म्हणाले, ‘स्कॅनची सर त्याला येणार नाही; पण तारखेची आठवण तरी राहील.’ मग मी मुलाच्या आईला डब्याच्या स्टीलच्या झाकणावर ते शिकवले. तारखा तिच्या ध्यानात राहत नसत, अवस राहत असे. म्हणून दर अवसेला झाकण नाकाखाली धरायचे, एकच डाग आला तर त्याच दिवशी निघून यायचे, आणि दोन आले तरी सहा अवसांनी यायचेच. ती आली. दर वेळी भाजीची जुडी घेऊन आली. पाचव्या वर्षाच्या स्कॅनमध्ये तो तुकडा आक्रसलेला दिसला. वय वाढते तशी ही गाठ काही मुलांत आपोआप मावळते, त्यांतला हा एक निघाला. सर तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांना फोन केला, तेव्हा काही क्षण पलीकडून आवाज आला नाही, मग त्यांनी मला तो स्कॅन कोणी वाचला असे विचारले.

मी सोडून जाताना माझ्या जागी एक तरुण मुलगी आली, हुशार, संगणकावर चटपट काम करणारी. नव्या नोंदणीत त्या मुलाचा पत्ता ‘आरे कॉलनी, ४०००६५’ एवढाच उरला होता. माझ्या जुन्या वहीत तो पाच ओळींचा होता, त्यात ओहोळ होता आणि एक चिंचही होती. वही नुसती हाती देऊन भागणार नाही असे वाटून, सप्टेंबरातल्या एका रविवारी मी तिला पाड्यावर घेऊन गेले. पोरगा आता चोवीस वर्षांचा, मिशा राखलेला, चित्रनगरीत माळीकाम करणारा. पाहुणी पाहून तो लाजला. आईने काही न विचारता फडताळातून मिठाच्या डब्याचे झाकण आणले आणि त्याच्या नाकाखाली धरले. ‘आई, राहू दे ना,’ तो म्हणाला, आणि श्वास सोडला. झाकणावर दोन डाग उमटले. डावा जरा मोठा होता. माझ्याबरोबरच्या मुलीने चटकन माझ्याकडे पाहिले. मी तिला सांगितले की प्रत्येकाच्या नाकपुड्या काही तासांच्या पाळीने कमी-अधिक उघडत असतात, दुपारी पाहिलेस तर कदाचित उजवा मोठा दिसेल. आमचे बोलणे होईपर्यंत डाग विरले होते. आईने पदराने झाकण पुसले आणि पुन्हा मिठाच्या डब्यावर बसवले.